पाणी वाचवायला नळाची वेळ ठरवली आणि टँकर वाढले, कुणाकडे असं झालंय का?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. सुदामा नगरच्या बाजूला आमची चोवीस फ्लॅटची बिल्डिंग आहे, निम्म्याहून जास्त घरं मराठी. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे मी झालो नाही, मला केलं गेलं, मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचलो तेवढ्यात नाव लिहून सगळे चहा प्यायला मोकळे.

तर एप्रिलमधे आमच्या बोरिंगने मान टाकली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, ते चोवीस घरांना पुरत नाही, म्हणजे बाकीचा खेळ टँकरचा. आठवड्याला पाच टँकर, पाच पाच हजार लिटरचे. मी विचार केला की चोवीस तास नळाला पाणी असतं म्हणून लोकांना त्याची किंमत नाही, तेव्हा वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सहा ते सात एवढाच उघडायचा. मीटिंगमधे सगळ्यांनी हात वर केले, एकानेही विरोध केला नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण आता प्रत्येक जण म्हणतो मी तेव्हाच बोललो होतो.

पहिल्या आठवड्यात चार टँकर लागले. मी ग्रुपवर हात जोडलेले टाकले, लोकांनी फुलं टाकली. तिसऱ्या आठवड्यात सहा. मे संपता संपता आठ. आठ!

मला वाटलं कुठेतरी लीकेज आहे, प्लंबर आणून सगळे पाईप तपासले, काही नाही. मग एक दिवस सकाळी सव्वासहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मेंटेनन्सची पावती द्यायला गेलो तर दार उघडंच होतं आणि काकू मोरीत एक मोठा निळा ड्रम तिरका करून पाणी ओतून देत होत्या. दोनशे लिटरचा ड्रम, स्टीलचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं, झाकणावर तांब्या पालथा. मी म्हटलं काकू हे काय? तर म्हणाल्या, "अरे कालचं आहे ते, शिळं. आता ताजं आलंय ना." आणि काकू म्हणजे पाणी उधळणाऱ्या बाई अजिबात नाहीत हो, डाळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या आहेत. पण पाणी दोन तासच येणार म्हटल्यावर त्यांनी भरून ठेवलं, आणि भरलेलं वापरून संपलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ओतलं, यात त्यांना काहीच वावगं वाटेना. नंतर हळूच बाकीच्यांकडे डोकावलो. सगळ्यांकडे ड्रम. काहींकडे दोन.

त्यात अजून एक, नळाला पाणी नसताना लोक तोटी उघडून बघतात, पाणी नाही म्हणून तशीच सोडून ऑफिसला जातात. संध्याकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडला की बंद घरात धबधबा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून पाणी जिन्यावर आलं. तर मी नियम काढला, नळ उघडा राहिला तर शंभर रुपये दंड. आधी नळ उघडा राहिला की लोक खाली येऊन सॉरी म्हणायचे, शेजाऱ्याचं पायपुसणं वाळत घालून द्यायचे. दंड लागल्यापासून सॉरी बंद. एका भाऊंनी तर मला पाचशेची नोट दिली आणि म्हणाले, "ठेवून घ्या, महिनाभराचे आगाऊ."

मला रागवायला कुणी नकोय, ते काम घरी होतंय. मला खरंच समजून घ्यायचंय की सगळं चांगल्या हेतूने करून माझं चुकलं कुठे.

पोहे_वर_शेव

भिया, पाचशे आगाऊ वाचून चहा सांडला 😂 शंभर रुपये भरायचे का मला आता?

तुमचं झालंय ते इंग्रजांच्या नागांसारखं. दिल्लीत नाग फार झाले म्हणून साहेबाने मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं, तर लोकांनी घरी नाग पाळायला सुरुवात केली, बक्षीस बंद केल्यावर सगळे नाग सोडून दिले आणि आधीपेक्षा जास्त नाग झाले. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येतं हे.

आमच्याकडे पण एक किस्सा आहे. गल्लीच्या तोंडाशी मोठी कचरापेटी होती, ती काढली, गाडी दारात यायला लागली, इंदूर २०१७ पासून नंबर एक, सगळं मान्य, अभिमान आहे, पाहुण्यांना मुद्दाम रस्ता दाखवायला नेतो. पण त्या पेटीवर सहा कुत्रे जगत होते त्यांना कुणी सांगितलंच नाही की आता ओला कचरा वेगळा जातो. रात्री सराफ्यातून खाऊन परत येताना आता ते माझ्या स्कूटरच्या मागे लागतात, माझ्या हातात गराडूची पुडी असते ना. याचा उपाय काय मला माहीत नाही, पेटी परत नको एवढं नक्की.

बडोद्याची_लेक_इंदूरची_सून

नागांची गोष्ट मजेदार आहे पण तिला धड कागदी पुरावा सापडत नाही बरं का. होर्स्ट सीबर्ट नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाने २००१ साली यावरून 'कोब्रा इफेक्ट' नावाचं पुस्तक काढलं आणि तेव्हापासून ती जगभर फिरतेय. ज्याचा पुरावा आहे ती गोष्ट उंदरांची आहे, हनोईची, १९०२ सालची. तिथे फ्रेंचांनी आधी शहराखाली झकास गटारं बांधली, म्हणजे मुळात चांगलंच काम, पण त्या गटारांत उंदरांना राहायला बिनभाड्याचं घर आणि थेट गोऱ्या साहेबांच्या संडासापर्यंत रस्ता मिळाला. प्लेगची भीती होती म्हणून उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं, अख्खा उंदीर आणून ढीग कशाला घालायचा, शेपूट पुरे. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर दिसायला लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याला पुढे पिल्लं होतील. गावाबाहेर काही जण चक्क उंदीर पाळत होते.

पण दादा, तुमचं प्रकरण याच्यापेक्षा वेगळं आहे असं मला वाटतं. तिथे लोकांनी लबाडी केली. काकूंनी कुठे लबाडी केली? तुम्ही वेळ ठरवलीत त्यातून त्यांना एवढंच ऐकू आलं की पाणी कधीही बंद होऊ शकतं. घाबरलेलं माणूस लागतं त्याच्यापेक्षा जास्तच भरतं. आमच्या आईकडे २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीला पूर आला होता, त्यानंतर ती अजूनही प्यायच्या पाण्याच्या कॅन घरात रचून ठेवते, आणि बाबा रोज त्याच्यावरून अडखळतात.

आणि दंडाचं तर थेट उदाहरण आहे. इस्राएलमधे हैफाला दहा पाळणाघरांत प्रयोग झाला होता, नीझी आणि रुस्तिचिनी या दोघांनी तो २००० साली छापला. पालक पोरांना न्यायला उशिरा यायचे म्हणून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला दंड लावला, बाकीच्या चारांत नाही. तर दंड लावला तिथे उशीर जवळजवळ दुप्पट झाला! कारण आधी बाई आपल्यासाठी थांबतात याची लाज होती, दंड आल्यावर ते वेटिंग चार्जेस झाले. याच्यापुढची गंमत म्हणजे काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी उशीर कमी झालाच नाही. लाज एकदा गेली ती गेली. तेव्हा तुमच्या पाचशेवाल्या भाऊंच्या बाबतीत फार आशा ठेवू नका.

नाना_लोकमान्यनगर

हे सगळं वाचायला छान आहे. मी बासष्ट सालापासून इंदुरात आहे, नर्मदा यायच्या आधीचं इंदूर बघितलंय, यशवंतसागरचं पाणी आणि विहिरीवर रांग. सत्तर किलोमीटरवरून जलूदहून पंप लावून चढवून १९७८ ला पाणी आणलं तेव्हा आम्ही नळाची पूजा केली होती, अक्षरशः, हळदकुंकू लावून. आजच्या लोकांना धाक नाही. शंभर रुपये दंड म्हणजे एका प्लेट पावभाजीचे पैसे, हजार ठेवा आणि मग बघा. बडोद्याच्या ताई लिहितात दंड चालत नाही, तर तुमच्याच सयाजीराव महाराजांनी पोरं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड लावला होता की नाही? लोक शिकले की नाही?

चौथा_मजला

नाना, हजार ठेवले तर पुढच्या मीटिंगला मी एकटाच असेन. आणि पहिला हजार माझ्याच घरी लागेल, आमच्या चिरंजीवांना तोटी बंद करायची असते हेच ठाऊक नाही.

ताई, "पाणी बंद होऊ शकतं एवढंच ऐकू आलं" हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. खरंय. मी ग्रुपवर रोज लिहायचो, आज फक्त दोन तास, जपून वापरा. मला वाटायचं मी जपून वापरा म्हणतोय.

बडोद्याची_लेक_इंदूरची_सून

नाना, नमस्कार, बरोबर आहे तुमचं, दंड होता. पण महाराजांनी १८९३ ला आधी फक्त अमरेली तालुक्यात सक्ती करून बघितली, गावोगाव शाळा काढल्या, फी नाही ठेवली, अडचणी काय येतात ते पाहिलं आणि मग १९०६ साली सगळ्या संस्थानात लावलं. तेरा वर्षं! दादांनी चोवीसही घरांना एका रविवारी लावलं. एका विंगला आधी करून बघितलं असतं तर तिसऱ्या आठवड्यातच ड्रम दिसले असते.

आणि हो, ड्रमवरून आठवलं, मेक्सिको सिटीत १९८९ साली प्रदूषण कमी करायला गाडीच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आणला. कितीतरी लोकांनी दुसऱ्या नंबरची दुसरी गाडी घेऊन ठेवली, बहुतेक जुनी धूर सोडणारी. तो त्यांचा निळा ड्रम.

लष्करवाला

मूळ ग्वाल्हेरचा, लष्करचा, सध्या पोटासाठी गुडगावला. थंडीत आमच्या इथे जो धूर भरतो ना, त्यातला थोडा भाग तुमच्या व्हॉल्व्हसारख्याच एका नियमाचा आहे. पंजाबात शेतकरी मे महिन्यातच, भर उन्हात, ट्यूबवेल लावून भात लावायचे, जमिनीखालचं पाणी झपाट्याने चाललं होतं. म्हणून २००९ ला कायदा केला की १० जूनच्या आधी रोपं लावायची नाहीत, पाऊस जवळ येऊ द्या. हरियाणातही तसाच. हेतूत खोट काढायला जागा नाही. पण भात उशिरा लागला म्हणजे कापणीही उशिरा, ऑक्टोबरच्या शेवटाला, आणि गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला नाही तर उतारा कमी येतो. मधे उरले दोन तीन आठवडे. कंबाइनने कापलेल्या शेतात हातभर खुंट उभे असतात, ते मजूर लावून काढायला ना वेळ ना पैसा, तर काडेपेटी. आणि नेमकं तेव्हाच वारं पडलेलं असतं, हवा थंड, धूर वर जातच नाही. खुंट आधीही जाळायचे, त्यामुळे सगळं खापर कायद्यावर फोडणं बरोबर नाही, पण जाळायचा हंगाम सरकून अगदी वाईट पंधरवड्यात आला हे खरं. पाणी वाचवायला तारीख ठरवली आणि माझी पोरगी गुडगावला नेब्युलायझर घेते.

तरी हे डोकं लावलं असतं तर आधी दिसण्यासारखं होतं. काही गोष्टी कुणालाच दिसल्या नसत्या. लहानपणी आजोळी, भिंडच्या वाटेवर, गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा होती, तिथे गिधाडं इतकी बसायची की चिंचेचं झाड पांढरं झालेलं. आता एक नाही. डायक्लोफिनॅक, आपण कंबर दुखली की घेतो तेच औषध, नव्वदीत गुरांनाही स्वस्तात मिळायला लागलं. लंगडणारा बैल उभा राहायचा, शेतकरी खूश, डॉक्टर खूश. पण ते औषध अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी जायची. कारण २००४ ला सापडलं, २००६ ला गुरांसाठी बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरली होती. मढी पडून राहिली, भटकी कुत्री वाढली, पुढचं सांगत नाही. आता बैलाचं दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरला काय म्हणणार?

म्हणून म्हणतो सेक्रेटरीसाहेब, तुमचं गिधाडाचं प्रकरण नाही, भाताचं आहे. दोन घरी विचारलं असतं "पाणी दोन तासच आलं तर तुम्ही काय कराल" तर काकूंनी तोंडावर सांगितलं असतं, ड्रम घेईन. लपवायचंच काय होतं त्यात.

पाना_आणि_पाईप

मी प्लंबिंगची कामं घेतो, इंदूर देवास दोन्हीकडे, हे दर उन्हाळ्यात बघतो म्हणून लिहितो, वाचनबिचन आपलं नाही.

हिशेब करा. चोवीस घरं, घरटी रोज शंभर लिटर जरी मोरीत ओतलं तरी दिवसाला चोवीसशे. म्हणजे दोन दिवसांत एक टँकर गेला गटारात. आठवड्याला साडेतीन. तुमचे वाढलेले तीन टँकर सापडले, लीकेज शोधायला आलेल्या माणसाचे पैसे फुकट गेले.

दुसरं, ड्रम बाल्कनीत ठेवले असतील आणि दोन तीन दिवस तसेच राहिले असतील तर आत्ता उठा आणि टॉर्च मारून बघा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ दहा दिवसांत डास तयार. पाऊस आता येईलच. सगळं पाणी ओतून पुरत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, आतून ब्रशने घासायचं आणि कोरडं करायचं.

आता काय करायचं ते. व्हॉल्व्ह चोवीस तास उघडा ठेवा. हो, उघडा. पण प्रेशर कमी करा, खालच्या मजल्यांना वरच्या टाकीचं पाणी इतक्या जोरात येतं की बादली भरता भरता अर्धी बादली बाहेर. खालच्या चार मजल्यांच्या लाइनवर प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह बसतो आणि बेसिनच्या तोट्यांना जाळी, एरेटर म्हणतात, शंभर दीडशेत येते चांगली. पाणी कमी येतं पण आहे हे दिसतं, म्हणजे कुणी भरून ठेवत नाही.

मीटरचं लोक बोलतात, बोलायला सोपं आहे. जुन्या बिल्डिंगमधे एका फ्लॅटला पाणी तीन चार ठिकाणाहून येतं, किचनची लाइन वेगळी, दोन बाथरूमच्या वेगळ्या, वरून सरळ खाली आलेल्या. म्हणजे एका घराला तीन चार मीटर, चोवीस घरांना शंभराच्या आसपास. ते रोज वाचणार कोण, आणि वाचले की पहिलं भांडण सुरू, आमच्याकडे पाहुणे होते, आमचं मीटर पळतं. एका कॉलनीत मी बसवले, तर एका घरातले लोक खाली पार्किंगच्या कॉमन नळावर कपडे धुवायला लागले, तो नळ मीटरच्या बाहेर होता ना 😀 बसवायचेच असतील तर आधी ते कॉमन नळ बंद करा किंवा कुलूप लावा.

नाना_लोकमान्यनगर

पाना आणि पाईप, तुमचं बोलणं कामाचं आहे. कॉमन नळाचं आमच्याकडेही झालं होतं, आम्ही तोटीच काढून ठेवायचो वॉचमनकडे. मग वॉचमन ती दहा रुपये घेऊन द्यायचा. जाऊ दे.

पोहे_वर_शेव

नाना 😂😂 वॉचमनने पण शेपटीचा धंदा काढला

चौथा_मजला

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल सॉरी (दंड घेऊ नका).

ताईंचं ऐकून आधी फक्त ए विंगला केलं, बारा घरं. व्हॉल्व्ह चोवीस तास उघडा, खालच्या मजल्यांना प्रेशरचा व्हॉल्व्ह, बेसिनला जाळ्या, दंड बंद. ग्रुपवर "जपून वापरा" लिहिणं मी बंद केलं, त्याऐवजी टाकीची पातळी रोज सकाळी लिहितो, बस, आकडा आणि काही नाही. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, लोकांचा विश्वासच बसेना, ड्रम भरतच होते. दुसऱ्या आठवड्यात आठाचे सात झाले. आता सहावर आहे, आणि बी विंगवाले विचारतायत आमचं कधी. पहिल्या पाचावर अजून आलो नाही हे खरं. त्यात दोन सरी पडून गेल्या, म्हणजे श्रेय कुणाचं तेही मला नीट सांगता येणार नाही.

टॉर्च मारून सगळे ड्रम बघितले. सात ड्रमांत अळ्या होत्या. त्यातला एक आमच्या बाल्कनीतला निघाला, ही गोष्ट ग्रुपवर गेलेली नाही आणि जाऊही नये.

पाचशेवाल्या भाऊंचे दोनदा नळ उघडे राहिले होते, म्हणून ते उरलेले तीनशे परत मागतायत. मी म्हटलं पावती दाखवा.

काल काकूंकडे गेलो होतो. निळा ड्रम आता मोरीत नाही, स्वयंपाकघरात कोपऱ्यात, त्यात वर्षाचे शरबती गहू भरलेत, वर कडुलिंबाचा पाला. मी खूश होऊन म्हटलं, वा काकू, गेला ना ड्रम. त्या म्हणाल्या, "हा गेला. दुसरा आहे बाथरूममधे. असू दे रे एक, तुझा काय भरवसा."